‘गँग्स ऑफ वासेपूर’: हिंसा, दैनंदिन जीवन आणि कोळशाचा इतिहास

प्रस्तावना

अनुराग कश्यप दिग्दर्शित ‘गँग्स ऑफ वासेपूर’ हा हिंदी चित्रपट २०१२ साली दोन भागांत प्रदर्शित झाला. आज झारखंडमध्ये असलेल्या धनबाद परिसरात ही कथा घडते. शाहिद खान, त्याचा मुलगा सरदार आणि नातू फैजल या तीन पिढ्यांचे रामाधीर सिंहाशी असलेले वैर हा तिचा गाभा आहे. चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे. पण तो इतिहासाचे साधन ठरू शकतो. हे साधन कसे तपासावे, याचा विचार या टिपणात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

झरिया कोळसाक्षेत्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या प्रमाणावर खाणकाम सुरू झाले. खाणी खासगी मालकांच्या होत्या आणि मजुरांना धाकात ठेवण्यासाठी लाठीधारी पहिलवान पाळले जात. शाहिद खान हा असाच एक पहिलवान आहे. पुढे १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. मालक बदलला, तरी बळाचा वापर संपला नाही. वाहतुकीची कंत्राटे, कामगार संघटनांवरील ताबा आणि मजुरांना दिलेली व्याजी कर्जे हे कमाईचे नवे मार्ग झाले. रामाधीर सिंह खाणमालकापासून राजकीय नेता होतो, तो याच वाटेने.

हिंसा आणि दैनंदिन जीवन

या चित्रपटात हिंसा रोजच्या व्यवहारापासून वेगळी काढता येत नाही. पहिल्याच प्रसंगात टीव्हीवर लोकप्रिय कौटुंबिक मालिका चालू असते आणि त्याच वेळी गोळीबार सुरू होतो. सरदारचा शेवट पेट्रोल पंपावर होतो. सुलतान हा कसायांच्या घरातला आहे. त्यामुळे सुरा हे आधी पोटापाण्याचे आणि मग वैराचे हत्यार ठरते. फैजलच्या काळात रेल्वेचे भंगारही टोळीच्या धंद्यात येते. म्हणजे खून हा येथे एका परीने धंद्याचाच भाग आहे.

घराकडेही पाहावे लागते. सरदारची पत्नी नगमा नवऱ्यावर संतापते, तरीही घर तीच सांभाळते. अनेकांचे जीव घेणारा फैजल, परवानगी न विचारता हात धरल्याबद्दल मोहसिना रागावते तेव्हा रडू लागतो. टोळीतला माणूस जन्मतः राक्षस नसतो. सवय, मानापमान आणि सिनेमातून उचललेली मर्दानगी त्याला घडवत जाते. सिनेमा पाहत नाही म्हणूनच आपण टिकलो, असे रामाधीर सांगतो, त्याचा रोख हाच आहे.

चित्रपटातून निसटलेला इतिहास

साधनाचे परीक्षण करताना त्यात काय नाही, हेही विचारावे लागते. झरियातील भूमिगत आगीची पहिली नोंद १९१६ सालची आहे. ती आग अजून विझलेली नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार मृत्युमुखी पडले. धनबादमधून तीन वेळा लोकसभेवर निवडून गेलेले ए. के. रॉय यांनी कोळसा कामगारांची चळवळ उभी केली. या कथेत त्यांपैकी कशालाही मध्यवर्ती स्थान नाही.

याचे कारण रचनेत आहे. सूडकथेला नाव, घराणे आणि वारस लागतात. पाण्यात बुडालेल्या कामगाराचा सूड कोणावर उगवायचा? तेथे दोषी असते ती व्यवस्था, आणि तिच्यावर गोळी झाडता येत नाही. म्हणून आर्थिक इतिहास दोन घरांच्या भांडणात आक्रसतो. खऱ्या वासेपूरमधील काही रहिवाशांनी या चित्रणाला आक्षेप घेतला, तोही याच अंगाने समजून घ्यावा. जेथे शिक्षक, दुकानदार आणि विद्यार्थीही राहतात, त्या वस्तीचे नाव देशभर केवळ टोळ्यांशी जोडले गेले.

समारोप

हा चित्रपट हिंसा घरात, बाजारात आणि नात्यांत कशी मुरते ते प्रभावीपणे दाखवतो. मात्र जी हिंसा बंदुकीविना घडते, ती त्याच्या चौकटीबाहेर राहते. विद्यार्थ्यांनी दोन्हींची नोंद एकत्र ठेवून हा चित्रपट पाहावा.

विचारार्थ प्रश्न

१. राष्ट्रीयीकरणानंतर धनबादमधील बळाच्या वापराचे स्वरूप कसे बदलले?
२. खाणीतील अपघाताला ‘हिंसा’ म्हणता येईल का? सकारण लिहा.