दागिन्यांची शुद्धी : एका घरगुती विद्येचा इतिहास

अंगावर वागवलेला सोन्याचा दागिना वापराने झिजतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु उजळण्याच्या हव्यासानेही तो झिजतो, आणि कित्येकदा वापरापेक्षा लवकर झिजतो, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय सोन्याचांदीचा. दागिना घडवण्याच्या विद्येबरोबरच तो राखण्याची विद्याही आपल्या घराघरांतून नांदत होती. पहिल्या विद्येचे गुणगान आपण अशा स्मरणिकांतून नेहमीच करतो. दुसरी विद्या मात्र स्त्रियांच्या हाती असल्यामुळे ती कोणी लिहून ठेवली नाही. तिचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि ती आजही का जपली पाहिजे हे ज्ञातिबंधू व भगिनींपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वस्तू कशाने शुद्ध होते, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने हाताळला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात ‘द्रव्यशुद्धि’ नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. तेथे सोने, रुपे आणि ‘अब्ज’, म्हणजे पाण्यात उपजलेले शंख-शिंपल्यांसारखे पदार्थ, यांची शुद्धी केवळ पाण्याने सांगितली आहे. तांबे, कथील, शिसे यांना मात्र क्षार, आम्ल आणि पाणी लागते, असा भेद केला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही हाच विवेक दिसतो. या ग्रंथांची दृष्टी धार्मिक शुचितेची आहे, चकाकीची नव्हे, हे खरे. तथापि त्यामागे वस्तूच्या स्वभावाचे निरीक्षण आहे, हे नाकारता येत नाही. शुद्ध सोने हवेने वा पाण्याने काळवंडत नाही. त्यावर बसतो तो बाहेरचा मळ, आणि तो पाण्याने निघतो. तांब्यावर जी काळिमा चढते ती तांब्याचीच विकृती असते. ती काढण्यासाठी आंबट पदार्थच हवा. मोती व शंख हे चुन्याच्या जातीचे पदार्थ, आणि आम्ल लागले की चुना विरघळतो. ज्यांनी ‘अब्जा’ला केवळ पाणी सांगितले, त्यांना रसायनशास्त्राची परिभाषा ठाऊक नसेल, परंतु अनुभव निश्चित होता.

या विषयातील दुसरा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे कौटिल्याचे अर्थशास्त्र. शेकडो वर्षे लुप्त झालेला हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाची व सौवर्णिकाची कर्तव्ये दिली आहेत. जुने दागिने दुरुस्तीस आले असता त्यांतून सोने कसे चोरले जाते, याचे चार प्रकार तेथे वर्णिले आहेत : परिकुट्टन, अवच्छेदन, उल्लेखन आणि परिमर्दन. म्हणजे ठोकून काढणे, कापून काढणे, खरवडून काढणे आणि घासून काढणे. यांतला चौथा प्रकार आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. हरताळ, मनशीळ, हिंगूळ किंवा कुरुविंद यांची पूड कापडाला लावून दागिना चोळला की सोने त्या कापडावर उतरते. दागिना कोठे तुटलेला वा कापलेला दिसत नाही, आणि तरीही तो हलका होतो.

हे वाचून आपल्या ज्ञातीने खिन्न होण्याचे कारण नाही. असे नियम जेथे होते तेथे व्यवसायाची प्रतिष्ठाही होती, आणि सचोटीच्या कारागिराचे रक्षण अशा नियमांनीच होते. आपण घ्यावयाचा बोध वेगळा आहे. कौटिल्याने ज्या क्रियेला चोरीचा प्रकार म्हटले, तीच क्रिया आज अनेक घरांतून सद्हेतूने, स्वतःच्याच दागिन्यांवर केली जाते. राखेने घासलेली पाटली चकाकते, कारण तिचा पृष्ठभाग नाहीसा झालेला असतो. सोने हा मृदू धातू आहे. राखेत व धुळीत मिसळलेले वाळूचे कण त्याहून कितीतरी कठीण असतात. याचा पुरावा पाहावयाचा असेल तर झारेकऱ्यांचा धंदा पाहावा. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन त्यातून सोने काढणारी ही मंडळी. त्या केरात सोने येते ते कानशीने घासताना आणि दागिना उजळताना उडालेल्या कणांचेच.

आता पेढीवरची जुनी रीत पाहू. दागिना डाक लावण्यासाठी तापवला की सोन्यातील तांबे हवेशी संयोग पावून वरच्या अंगाला काळा पापुद्रा धरते. तो काढण्यासाठी सोनार चिंचेचे पाणी वापरीत. चिंचेतील आम्ल त्या काळ्या पापुद्र्याला विरघळवते आणि सोन्याला धक्का लावत नाही. त्यानंतर रिठ्याच्या फेसात मऊ कुंचल्याने दागिना धूत. काही दागिन्यांना तुरटी, मीठ व सोरा यांच्या मिश्रणात उकळून रंग देत. जुन्या दागिन्यांवर जी मंद, केशरी पिवळी छटा दिसते ती अशा रीतींची देणगी. ती केवळ वरच्या पातळ थरापुरती असते. यंत्राने एकदा घासली की निघून जाते आणि पुन्हा रंग दिल्यावाचून परत येत नाही.

यांतून घरात आला तो रिठा. चिंच ही भट्टीतून निघालेल्या दागिन्यासाठी होती. रोजच्या वापराचा मळ काढण्यासाठी नव्हती. अंगावरच्या दागिन्यावर साचते ते तेल, उटणे, घाम आणि धूळ, आणि रिठ्याचा फेस तेवढेच घेऊन जातो. चिंच सोनाराच्या भट्टीची, रिठा घराचा, हा विवेक ज्या घरांनी पाळला त्यांच्या बोरमाळा आणि पुतळ्या पिढ्यानपिढ्या टिकल्या. ज्यांनी चिंच आणि राख ही तांब्यापितळेच्या भांड्यांची जोडी दागिन्यांपर्यंत आणली, त्यांच्या पुतळ्यांवरच्या मूर्ती पुसट झाल्या.

परंतु रिठाही सर्वांस सारखा लागू नाही. दागिना कसा घडला आहे, यावर तो कसा राखावा हे ठरते. हेच या विद्येचे मर्म होय. भरीव गोठ, पाटल्या, बिलवर यांना कोमट पाणी व रिठा खुशाल चालतो. लाखेवर घडवलेल्या बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात. त्यांना कढत पाणी लागले की लाख मऊ होते आणि पातळ पत्र्याला खळगे पडतात. ठुशी व मोत्यांचे सर दोऱ्यात गाठवलेले असतात. ते पाण्यात बुडवले तर दोरा आतून कुजतो आणि एखाद्या दिवशी अवचित तुटतो. जडावाच्या कुंदनकामात खड्याच्या पाठीशी चांदीचा पातळ वर्ख असतो आणि त्यामागे लाख असते. पाणी आत झिरपले की वर्ख काळा पडतो आणि खडा कायमचा निस्तेज होतो. अशा दागिन्यास कोरडे मऊ कापड हीच शुद्धी.

मोत्यांविषयी थोडे अधिक लिहिणे अगत्याचे आहे. आपल्या नथी, तन्मणी व चिंचपेट्या यांतील जुने मोती बहुधा ‘बसराई’, म्हणजे इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती होत. आखातातील या मोत्यांची मुंबई ही मोठी बाजारपेठ होती. जपानात मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये कालवांकडून अर्धगोल मोती पिकवून घेण्यात यश मिळवले. पुढे असे पिकवलेले मोती जगभर पसरले आणि १९३० च्या सुमारास आखातातील मोत्यांचा धंदा कोसळला. म्हणून आजीच्या नथीतला मोती गेला तर त्याच्या जोडीचा मिळणे दुरापास्त आहे. त्याला लिंबू, चिंच, व्हिनेगर, साबण यांपैकी काहीही लावू नये. अत्तर व तेल लावून झाल्यावर मोती सर्वांत शेवटी अंगावर घालावेत, उतरवल्यावर ओलसर मऊ कापडाने पुसावेत आणि हवाबंद पिशवीत कोंडू नयेत.

पाचूची गोष्टही अशीच. सोळाव्या-सतराव्या शतकांत दक्षिण अमेरिकेतील पाचू पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने गोव्यास येत आणि तेथून मोगल दरबारापर्यंत जात. पाचूच्या अंगात जन्मतःच बारीक चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवण्याची रीत आहे. कढत साबणाच्या पाण्याने ते तेल निघून जाते आणि चिरा उघड्या पडतात. हिऱ्याचे याउलट. तो कणखर, परंतु स्निग्ध पदार्थ त्याला चटकन चिकटतात. म्हणून पक्क्या कोंदणातला हिरा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने अधूनमधून धुतला की पुन्हा तळपतो.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. लोकर व रबर यांच्या सान्निध्यात ती अधिक लवकर काळवंडते. ॲल्युमिनियमचा पातळ कागद, खाण्याचा सोडा व गरम पाणी यांच्या योगाने हा काळेपणा न घासता जातो आणि त्यातील चांदी मूळ जागी परतते. मात्र नक्षीच्या खोलगट भागात कारागिराने मुद्दाम ठेवलेली काळी छाया असेल, तर तीही नाहीशी होते, हे ध्यानात ठेवावे.

ही विद्या घराघरांतून का ओसरली? चिनी आक्रमणानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण नियम अमलात आले. १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. देशभर असंख्य सुवर्णकारांच्या भट्ट्या थंडावल्या आणि अनेकांनी नोकरीची वाट धरली. ती १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली. परंतु १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. तोवर एक पिढी सरली होती. ज्या घरात बाप पेढीवर बसत नाही, त्या घरात मुलीला लाखेचा मणी आणि भरीव मणी यांतला फरक कोण सांगणार? दागिने पेटीत राहिले. त्यांची ओळख गेली.

या अज्ञानाचा लाभ उठवणारे टपून असतातच. दुपारच्या वेळी दारी येऊन ‘दागिने उजळून देतो’ म्हणणाऱ्या भामट्यांविषयी पोलीस वारंवार सावध करतात. ते ज्या द्रवात बांगड्या बुडवतात तो पुष्कळदा आम्लराज, म्हणजे नत्राम्ल व मिठाचे आम्ल यांचे मिश्रण असते, आणि त्यात सोने विरघळते. बांगडी चकाकते आणि हलकी होते. कौटिल्याने सांगितलेली परिमर्दनाची युक्तीच येथे नव्या वेषात आली आहे. तद्वत दात घासण्याची पेस्ट दागिन्यांस लावण्याची जी चाल पडली आहे तीही त्याज्य होय, कारण तिच्यात घासणारी पूड असते. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी दागिने धुणारी यंत्रे आता घरोघरी येऊ लागली आहेत. ती साध्या भरीव सोन्यास ठीक. मोती, पाचू, कुंदन व लाख यांना घातक.

सण वा लग्नकार्य आले की एवढे करावे. प्रथम डागांचे वर्गीकरण करावे : भरीव, लाखेचे, गाठवलेले, जडावाचे. भरीव डाग रात्री भिजवलेल्या रिठ्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ कुंचल्याने धुवावेत. तळाशी कापड घातलेल्या परातीत हे काम करावे, म्हणजे निखळलेली कडी वा फिरकी मोरीत जाणार नाही. मग स्वच्छ पाण्याने विसळून, पुसून, पूर्ण वाळवून प्रत्येक डाग वेगळ्या मऊ कापडात ठेवावा. क्लोरीनयुक्त पाणी व पारा यांपासून सोने दूर ठेवावे. पेढीवर उजळण्यास देताना वजन करून द्यावे आणि वजन करूनच परत घ्यावे.

शेवटी एक विनंती. आपल्या पूर्वज कारागिरांनी ग्रंथ लिहिले नाहीत आणि दागिन्यावर आपली नावेही कोरली नाहीत. दागिना हेच त्यांचे हस्ताक्षर. तो झिजला, पुसट झाला, की ‘जुना झाला, मोडून नवा करू’ असे म्हटले जाते. मुशीत गेल्यावर सोने उरते, कारागीर उरत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. घरातील प्रत्येक दागिन्याचे नाव, वजन, घडण, तो कोणाकडून आला आणि तो कसा स्वच्छ करावा हे तीत लिहावे. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून लिहावे, आणि लवकर लिहावे. संस्थेने अशा वह्यांतील माहिती एकत्र केली, तर ज्ञातीच्या इतिहासाचे एक मोलाचे साधन सिद्ध होईल.