झालेली वर्षे मोजायची कोणी?

टी.सी., मायग्रेशन आणि मार्कमेमो. जून-जुलैच्या दिवसांत पुंडलिकनगरातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानासमोर उभे राहा, हे तीन शब्द सारखे कानावर पडतात. मार्कमेमो हा आपल्या मराठवाड्याचा शब्द. पुण्या-मुंबईकडे त्याला मार्कशीट म्हणतात, हैदराबादकडे मात्र आजही मेमोच. १९५८ पर्यंत आपली कॉलेजे उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती, ते नाते या एका शब्दात शिल्लक राहिले आहे.

या तिन्ही कागदांच्या मागे एकच प्रश्न असतो. एका ठिकाणी शिकून झालेली वर्षे दुसऱ्या ठिकाणी धरायची की नाही आणि ते ठरवायचे कोणी? हल्ली त्याला ‘श्रेयांक हस्तांतरण’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. प्रश्न मात्र जुना आहे आणि आपल्या शहराने तो फार जवळून पाहिला आहे.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले. इंग्रजी हा विषय सक्तीचा, पण शिक्षणाचे माध्यम उर्दू. इतिहास उर्दूत, रसायनशास्त्रही उर्दूत. पुस्तकेच नव्हती, म्हणून भाषांतरासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे खाते काढले गेले. जोश मलिहाबादींसारखा शायर तिथे नोकरीला होता. (कवीला पगार देऊन भाषांतराला बसवणारे सरकार आता कुठे सापडायचे!) १९२३ मध्ये औरंगाबादेत इंटरमिजिएट कॉलेज निघाले. ‘बाबा-ए-उर्दू’ मौलवी अब्दुल हक या कॉलेजचे प्राचार्य होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे ते धाडस मोठेच होते आणि उर्दूवर माया असलेल्या मला त्याचा अभिमान वाटतो.

पण त्या वर्गात बसलेल्या मराठी मुलाकडेही पाहिले पाहिजे. घरी मराठी, वर्गात उर्दू. माझे नेमके उलटे झाले. घरी दखनी आणि लेखणीत मराठी. त्यामुळे त्याची ओढाताण मला कोणी समजावून सांगायला नको. शिवाय त्याच्यापुढे आणखी एक अडचण होती. निजामाच्या राज्याची हद्द ओलांडली की सगळीकडे इंग्रजी माध्यम. उर्दूतून शिकलेले रसायनशास्त्र तिथे कोण आणि कसे मोजणार?

ही वेळ १९३८ च्या नोव्हेंबरात आलीच. औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहातले विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. त्याला मनाई झाली. विद्यार्थ्यांनी संप केला, तो हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात पोचला आणि पुढे गुलबर्गा, वरंगळपर्यंत पसरला. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले. त्या गीतावरचे वाद आजही संपलेले नाहीत आणि आज मी त्यात शिरणार नाही. मला बोलायचे आहे ते काढून टाकलेल्या मुलांच्या कागदांविषयी. शिक्षा म्हणून बाहेर काढलेल्या मुलाच्या मागे त्याचे जुने कॉलेज उभे राहत नाही. दुसऱ्या विद्यापीठात त्याने जायचे तरी कशाच्या बळावर?

दार उघडले ते नागपूरने. नागपूर विद्यापीठही १९२३ चेच, म्हणजे औरंगाबादच्या कॉलेजच्या वयाचे. कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी या मुलांना प्रवेश दिला. औरंगाबादहून मीटरगेजने मनमाड आणि तिथे गाडी बदलून भुसावळमार्गे नागपूर, असा तो रस्ता होता. आधी जे शिकून झाले होते ते वाया गेले नाही, ही त्या मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट. वरंगळला याच आंदोलनात कॉलेजला मुकलेले पी. व्ही. नरसिंह राव पुढे नागपूर विद्यापीठातूनच कायद्याचे पदवीधर झाले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात केदारांच्या या निर्णयाला एखादी ओळ मिळते. मला वाटते, त्याला एक अख्खे प्रकरण मिळायला हवे.

पुढचे लवकर सांगतो. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज, म्हणजे आजचे मिलिंद, १९५० मध्ये सुरू झाले तेही उस्मानियाच्याच छत्राखाली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले आणि परीक्षेसाठी हैदराबादकडे पाहणे संपले.

आता जरा अमेरिकेकडे वळू. कारण दोन वर्षांच्या कॉलेजातून चार वर्षांच्या कॉलेजात जाण्याची वाट मुळात तिथली. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे पहिले सरकारी ज्युनिअर कॉलेज निघाले. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम हार्पर यांची कल्पना होती. पहिली दोन वर्षे मुलांनी गावातच शिकावे, पुढची विद्यापीठात. शिकागो विद्यापीठ खासगी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशा कॉलेजांना पुढे कम्युनिटी कॉलेज म्हणू लागले. तिथली सरकारी विद्यापीठे बऱ्याच राज्यांत करारांनी बांधलेली असतात, खासगी कॉलेजे सहसा नसतात. ती एकेक विषय तपासतात, किमान श्रेणी मागतात. कधी विषय धरतातही, पण मुख्य विषयात नव्हे, ऐच्छिक म्हणून. हिशेबाच्या वहीत श्रेयांक दिसतो आणि विद्यार्थ्याला मात्र तोच विषय पुन्हा शिकावा लागतो.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळची वाट पॉलिटेक्निकची. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. १९८३ नंतर वसंतदादा पाटलांच्या धोरणामुळे राज्यभर खासगी अभियांत्रिकी कॉलेजे निघाली, तीही ‘डायरेक्ट सेकंड इयर’ची मुले घेतात. हे प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतात. डिप्लोमाचे काय मोजायचे हे आधीच ठरलेले असते, संस्थेच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. म्हणून ती वाट सुरळीत चालते.

बी.ए., बी.कॉम.ला तसे नाही. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी सुरू केली, जिचा एबीसी आयडी आता कॉलेजातल्या मुलामुलींकडून मागतात. मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात आणि कमाल सात वर्षे टिकतात. पदवी देणाऱ्या संस्थेतूनच निम्मे श्रेयांक मिळवलेले असावेत, अशी अट आहे. पण पेढीत ठेव आहे म्हणून समोरच्या कॉलेजने तिच्यावर तुमचे दुसरे वर्ष धरलेच पाहिजे, असे होत नाही. कोणत्या पेपरला कोणता पेपर समकक्ष, हे ठरायचे राहतेच.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचे तालुक्याच्या कॉलेजात, दुसऱ्या विद्यापीठाखाली, बी.कॉम.चे एक वर्ष झाले आहे. शहरातल्या एका खासगी कॉलेजने तिला सांगितले, तीन पेपर जुळत नाहीत, पहिल्यापासून सुरू करा. मी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचले. मी काही वाणिज्याचा माणूस नव्हे, पण दोन पेपरांत नावाखेरीज फारसा फरक मला दिसला नाही. तिसरा खरोखरच वेगळा आहे, तो तिने द्यायला हरकत नाही. समकक्षतेसाठी तिचा अर्ज आता विद्यापीठाकडे गेला आहे. वर्ष पुन्हा केले तर फीही पुन्हा भरावी लागेल, हे तिच्या वडिलांनी मला दोनदा सांगितले.