शब्द झालेले गाव : पानिपत आणि शालेय भूगोल

१

पानिपत हे मराठीत विशेषनाम कमी आणि सामान्यनाम अधिक आहे. निवडणुकीत पक्षाचे, परीक्षेत विद्यार्थ्याचे, व्यापारात पेढीचे ‘पानिपत होते’, आणि हे वाक्य उच्चारणाऱ्याला ते गाव कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही. ‘विश्वास पानिपतातच गेला’ या उक्तीतील श्लेष विश्वासरावांच्या मृत्यूवर बेतलेला आहे. ‘भाऊगर्दी’ या शब्दाची व्युत्पत्तीही सदाशिवरावभाऊंच्या अखेरच्या गर्दीशी जोडली जाते. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने मराठीच्या शब्दसंग्रहात जी भर घातली, ती फार थोड्या विजयांना घालता आली आहे.

उर्दूत याच गावाचे व्याकरण निराळे आहे. तेथे ‘पानिपती’ हे विशेषण प्रचारात आहे आणि ते ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) यांच्या नावामागोमाग येते. पानिपत म्हणजे एका कवीचे घर, बू अली शाह कलंदरांच्या दर्ग्याचा कसबा. एका भाषेत पराभवाचा पर्याय झालेले नाव दुसऱ्या भाषेत कुळाचा आणि वास्तव्याचा निर्देश करते. हा भेद दोन भाषांच्या वेगळ्या स्मृतींचा आहे हे उघडच आहे. परंतु मराठीच्या बाजूने त्याला आणखी एक कारण आहे आणि ते शाळेच्या वर्गात सापडते. मराठी विद्यार्थी पानिपत इतिहासाच्या तासाला शिकला. भूगोलाच्या तासाला ते त्याच्यासमोर क्वचितच आले. या विभागणीने पराभवाच्या आकलनावर काय परिणाम केला, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

२

प्रथम भूमी पाहावी. पानिपत दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर, यमुनेच्या पश्चिमेकडील मैदानात वसलेले आहे. वायव्येकडून दिल्लीकडे येणाऱ्या सैन्याला एका बाजूस राजस्थानचे वाळवंट आणि दुसऱ्या बाजूस शिवालिकच्या टेकड्या टाळाव्या लागतात. या दोहोंमध्ये जी सपाट, पाण्याची व पिकाऊ पट्टी उरते, तीच दिल्लीची वाट. तराईन (११९१, ११९२), पानिपत (१५२६, १५५६, १७६१) आणि कर्नाल (१७३९) या लढाया थोड्याशा अंतरात झाल्या, याचे कारण या पट्टीच्या रचनेत आहे. लढायांची सनावळी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ही पट्टी दाखवली, तर सहा सनांना एक सूत्र मिळते.

१७६० ची मोहीम तर नदीवाचून समजतच नाही. मार्चमध्ये पडदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील परतूरहून, निघालेली फौज ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत पोहोचली. पावसाळ्यात यमुना दुथडी भरलेली असल्याने अब्दाली पूर्वेकडे दुआबात आणि भाऊ पश्चिम काठावर, अशी स्थिती राहिली. १७ ऑक्टोबरला भाऊंनी कर्नालजवळचे, नदीकाठचे कुंजपुरा घेतले. पाणी उतरू लागले होते. ऑक्टोबर सरता सरता अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस बागपतजवळ नदी ओलांडली आणि तो भाऊंच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन उभा राहिला. दक्षिणेतून आलेले सैन्य आता उत्तरेला होते आणि उत्तरेतून आलेले दक्षिणेला. दोघांचीही मायदेशाची वाट दुसऱ्याने अडवली होती.

हा पेच वरवर समतोल दिसतो, पण तसा तो नव्हता. अब्दालीच्या उजव्या हाताला नदीपलीकडे दुआब व रोहिलखंड होते आणि तेथील धान्य नजीबखानाच्या आधाराने त्याच्यापर्यंत पोहोचत होते. ती रसद तोडण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. भाऊंच्या छावणीत लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे होते. दख्खनच्या माणसांना न सोसणारी थंडी होती. सुमारे अडीच महिने छावणी एका जागी राहिली. १४ जानेवारीला ती निघाली तेव्हा लढाईइतकाच हेतू दिल्लीची वाट मोकळी करण्याचा होता. पाटीवर एक उभी रेघ नदीची आणि तिच्या डावीकडे दोन ठिपके काढले, तरी हा पेच दहा वर्षांच्या मुलालाही समजावून देता येतो.

३

समकालीन मराठी लेखनाला या प्रदेशाचे भान नव्हते असे नाही. मोहिमेतील पत्रांत नदीचे पाणी, उतार, धान्याचा भाव, मुक्कामाचे अंतर यांचे उल्लेख सतत येतात. पत्र लिहिणाऱ्याला भूगोल हा जगण्यामरण्याचा विषय होता. बखरींत मात्र स्थळाचे रूप पालटते. रघुनाथ यादव यांची पानिपतची बखर आणि भाऊसाहेबांची बखर यांतील अवकाश मजलींनी मोजलेला आणि पुराणांनी भारलेला आहे. कुरुक्षेत्र जवळच असल्याने भारती युद्धाचे रूपक हाताशी तयार होते. लोकपरंपरेत पानिपत, सोनपत, बागपत ही नावे पांडवांच्या मागणीशी जोडलेली होती. पत्रातील नदी बखरीत दैवाचे निमित्त होते. हा बखरकाराच्या अज्ञानाचा पुरावा मानता येणार नाही, कारण त्याच्या वाङ्मयप्रकाराला स्थळाकडून अर्थ हवा होता. अंतर त्याला दुय्यम होते.

शालेय शिक्षण या वळणावर आले. मुंबईत १८२० च्या दशकात शाळापुस्तक मंडळीचे काम सुरू झाले आणि मराठीत क्रमिक पुस्तके होऊ लागली. या पुस्तकांच्या नावांतच पुढील विभागणीची खूण आहे. ग्रँट डफच्या इतिहासाचे (१८२६) कॅप्टन केपन व बाबा साने यांनी केलेले भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने आले. भूगोलाची पुस्तके मात्र ‘भूगोलविद्या’ म्हणून आली. बाळशास्त्री जांभेकरांचे या विषयावरील लेखन १८३० च्या दशकातील आहे. त्याच दशकात सिहोरचे सुबाजी बापू मराठीतून पुराणांचे, सिद्धान्तांचे आणि कोपर्निकसचे विश्व यांची तुलना मांडत होते. इतिहासाने जुन्या वाङ्मयप्रकाराचे नाव घेऊन घरात प्रवेश केला. भूगोल परकी, नवी ‘विद्या’ म्हणून ओसरीवर राहिला. एकाला कथा लाभली, दुसऱ्याला व्याख्या व याद्या.

भूगोलाच्या पुस्तकाने पृथ्वीचे गोलत्व सिद्ध केले, मेरुपर्वत बाजूला सारला, खंडे आणि नद्या सांगितल्या. तत्कालीन मनावर याचा झालेला परिणाम लहान नव्हता. परंतु त्या पुस्तकातील यमुना ही हिमालयात उगम पावून प्रयागला गंगेस मिळणारी नदी होती. बागपतजवळ ओलांडता येणारी, अमुक महिन्यात उतरणारी नदी नव्हती. दुसरीकडे इतिहासाच्या पुस्तकातील पानिपत ‘कारणे व परिणाम’ या दोन शीर्षकांत मावले. भाऊंचा स्वभाव, सरदारांतील बेबनाव, जाट राजा सुरजमलाशी तुटलेला स्नेह, अशी कारणांची यादी झाली. ती खोटी नाही. तिचा रोख मात्र मुख्यतः माणसांच्या गुणदोषांवर राहिला. पराभव एकदा स्वभावाचा परिणाम ठरला की त्याची म्हण होण्यास वेळ लागत नाही.

४

मराठी वर्गात पानिपत अशा रीतीने स्थलहीन होत असताना खुद्द पानिपतचा माणूस भूगोलाच्या नव्या शिक्षणाशी झुंजत होता. १८५४ च्या सुमारास, सतरा वर्षांचे असताना, हाली शिकण्याच्या ओढीने घरी न सांगता पायी दिल्लीस गेले. त्र्याण्णव वर्षांपूर्वी एका सैन्याला जी वाट फोडता आली नव्हती, तीच ही वाट. पुढे १८७० च्या दशकात लाहोरच्या सरकारी पुस्तक भांडारात त्यांनी इंग्रजीवरून उर्दूत होणाऱ्या पुस्तकांची भाषा सुधारण्याचे काम केले. अरबी भाषांतरावरून भूगर्भशास्त्राचे एक पुस्तकही त्यांनी उर्दूत आणले.

या अनुभवाचा त्यांच्या साहित्याशी असलेला संबंध तौलनिक अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. १८७४ मध्ये पंजाबच्या शिक्षणखात्याचे प्रमुख कर्नल हॉलरॉइड आणि मुहंमद हुसेन आझाद यांच्या पुढाकाराने लाहोरला नव्या धर्तीचे मुशायरे भरले. तेथे समस्यापूर्तीऐवजी विषय दिला जाई. हालींची ‘बरखा रुत’ ही पावसावरील आणि ‘हुब्बे वतन’ ही देशप्रेमावरील कविता या प्रसंगांतून आली. क्रमिक पुस्तकाची निकड आणि निसर्गकवितेचा आरंभ येथे एका खात्याच्या छताखाली भेटतात. त्याच काळातील ‘मजालिसुन्निसा’ या स्त्रीशिक्षणपर गद्यग्रंथात नायिका झुबेदा फारसी, अरबी, गणित, भूमिती यांच्या जोडीला हिंदुस्थानचा भूगोल आणि इतिहास शिकते. हे दोन विषय तेथे एका दमात येतात. या ग्रंथाला सरकारी पारितोषिक मिळाले आणि तो मुलींच्या शाळांत दीर्घकाळ वाचला गेला.

हालींचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास यांचा जन्म १९१४ मध्ये पानिपतातच झाला. तेथील हाली मुस्लिम हायस्कुलात त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले आणि १९३५ च्या सुमारास ते मुंबईस पत्रकार म्हणून आले. १९४७ च्या फाळणीत या कुळाचे पानिपत उठले. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी शहर पुन्हा वसवले आणि त्याच्या हातमागाला नवा जोर आला. आज राष्ट्रीय राजधानी प्रदेशातील हे औद्योगिक शहर घोंगड्या, गालिचे आणि जुन्या कपड्यांपासून केलेले सूत यांसाठी ओळखले जाते. हा सगळा भूगोल ‘पानिपत होणे’ या वाक्प्रचाराबाहेर राहतो.

५

पराभवाने भूगोलाकडे वळलेल्या समाजाचे उदाहरण म्हणून फ्रान्सकडे पाहता येते. १८७०–७१ मध्ये प्रशियाकडून हार झाल्यावर फ्रेंच शाळांत भूगोलाला नवे महत्त्व आले. १८७७ च्या ‘दोन मुलांची फ्रान्सयात्रा’ या क्रमिक पुस्तकात गमावलेल्या लोरेनमधील दोन पोरकी भावंडे देशभर हिंडतात; वाचणारे मूल त्यांच्याबरोबर नद्या, कारखाने, पिके शिकते. ‘जी. ब्रूनो’ या टोपणनावाने ते ऑगस्टीन फुये या लेखिकेने लिहिले. विदाल द ला ब्लाशचे भिंतीवरील नकाशेही याच पर्वाच्या अखेरीचे. तुलनेची मर्यादा उघड आहे: फ्रान्सकडे स्वतःचे शिक्षणखाते होते, मराठी समाजाला शाळा मिळाली ती राज्य गेल्यानंतर आणि परक्या सत्तेकडून. शिवाय फ्रेंच नकाशाला सूडाचीही धार होती. तरीही एवढे दिसते की पराभवाचे रूपांतर म्हणीत होणे ही अटळ गोष्ट नाही. त्याचे रूपांतर प्रवासात आणि पाहणीतही होऊ शकते.

मराठीत हे रूपांतर शाळेबाहेर झाले. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा. त्यामुळे मजल, मुक्काम आणि तारीख पुन्हा अभ्यासकाच्या हाती आली. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ च्या इंग्रजी आणि १९६१ च्या मराठी ग्रंथात राजवाड्यांच्या कित्येक निष्कर्षांना विरोध केला, आणि ही मोहीम वाटा, नद्या, रसद यांच्या हिशेबात वाचली. दोषी माणूस शोधण्याची रूढ पद्धत त्यांनी पूर्णतः सोडली असे नव्हे. पण प्रश्न ‘कोणामुळे’ येथून ‘कोठे व कसे’ येथे सरकला. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीने पुढे नदी, थंडी आणि उपासमार यांचे हे दृश्यभान सामान्य वाचकापर्यंत नेले.

शाळेतील क्रम मात्र बराच काळ जिल्हा, राज्य, देश, जग असाच चढता राहिला. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे त्यामागील तत्त्व उचितच आहे. पण पानिपत मराठी मुलाला अंतराने अज्ञात आणि भाषेने ज्ञात असते. अशा स्थळासाठी या क्रमात जागा नसते. हरियाना त्याला भेटतो तो गहू आणि हरितक्रांती यांच्या प्रकरणात. २०१७ मध्ये आलेल्या सातवीच्या इतिहासात ‘राष्ट्ररक्षक मराठे’ या प्रकरणाने पानिपतला उत्तर हिंदुस्थानच्या संरक्षणाच्या संदर्भात ठेवले. ही भूमिका पूर्वीच्या केवळ शोकापेक्षा व्यापक आहे. तिला नदीच्या नकाशाची जोड हवी.

अशी जोड काय करू शकते याचे छोटे उदाहरण संक्रांतीचे आहे. १४ जानेवारीमुळे ‘त्या दिवशी संक्रांत होती’ असे सर्रास सांगितले जाते आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा प्रयोगही त्या दिवसाला चिकटवला जातो. वस्तुतः निरयन संक्रांत इंग्रजी तारखेच्या मानाने सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ मध्ये ती तीनचार दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार हा होता. पृथ्वीच्या गतीवरील पाठ आणि पानिपतचा पाठ एकाच शिक्षकाने जोडून शिकवले, तर एक दैववादी समज वर्गातच गळून पडेल.

अलीकडे पानिपत–कर्नाल परिसरातील रोड समाजातील अनेकांनी आपले मूळ १७६१ मधील मराठ्यांशी जोडले आहे. त्याच्या ऐतिहासिक आधाराविषयी मतभेद आहेत. काला आंब येथील स्मारकापाशी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून लोक जातात आणि हे स्थानिक लोक त्यांचे स्वागत करतात. पाहुणा तेथे एक शब्द घेऊन येतो. यजमानाला ते राहते गाव असते. या भेटीत पाहुण्याने नुसते वंदन करून परतावे की यमुना आता कोठून वाहते, शेते कोणाची, शाळेत मुले काय वाचतात हेही विचारावे, हे त्याला लहानपणी पानिपत कोणत्या तासाला शिकवले गेले यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे.