मानवी मेंदू

मानवी मेंदू हा मध्यवर्ती चेतासंस्थेचा प्रमुख अवयव असून तो कवटीत सुरक्षित असतो. प्रौढ व्यक्तीच्या मेंदूचे वजन साधारणतः १३०० ते १४०० ग्रॅम भरते व त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या स्थितीतही शरीरास लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. ऑक्सिजनचा साठा त्याला करता येत नाही. म्हणून रक्तपुरवठा खंडित होताच काही मिनिटांत चेतापेशी मरू लागतात.

रचना

मेंदूभोवती मस्तिष्कावरणाचे तीन थर असतात. त्यांपैकी आतील दोन थरांमध्ये असलेला मस्तिष्क-मेरुद्रव मेंदूचे धक्क्यांपासून रक्षण करतो. मेंदूचे मोठा मेंदू (प्रमस्तिष्क), लहान मेंदू (अनुमस्तिष्क) आणि मस्तिष्क स्तंभ असे तीन मुख्य भाग पडतात. मोठ्या मेंदूचे डावा व उजवा असे दोन गोलार्ध असून ते चेतातंतूंच्या जाड जुडग्याने जोडलेले असतात. त्याचा पृष्ठभाग वळ्यांचा असतो. त्यामुळे कमी जागेत अधिक करडे द्रव्य सामावते.

कार्ये

कपाळामागील ललाट खंड विचार, निर्णय व ऐच्छिक हालचालींशी संबंधित आहे. माथ्याखालील पार्श्विक खंड स्पर्शाची, कानांलगतचा शंख खंड श्रवणाची आणि मागील पश्चकपाल खंड दृष्टीची संवेदना ग्रहण करतो. लहान मेंदू तोल व हालचालींतील सुसूत्रता सांभाळतो. मस्तिष्क स्तंभ श्वसन व हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करतो.

हालचालींची आज्ञा नेणारे बहुतेक चेतातंतू मस्तिष्क स्तंभाच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. त्यामुळे डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करतो. बहुसंख्य लोकांत भाषेची केंद्रेही डाव्या गोलार्धात असतात. उच्चारणाशी निगडित केंद्र फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये, तर आकलनाशी निगडित केंद्र जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले.

पक्षाघात

मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा ती फुटल्याने पक्षाघात (अर्धांगवायू, बोलीभाषेत लकवा) होतो. उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाची वाचाही अनेकदा जाते, याचे कारण वरील रचनेत आहे. अशा रुग्णाची बुद्धी शाबूत असू शकते. केवळ बोलता येत नाही म्हणून त्याला काही समजत नाही, असे मानणे चुकीचे ठरते.

गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत 'सर्च' या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात केलेल्या पाहणीत पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते आणि त्यांतील बहुतेक घरीच झाले होते.

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात वर न राहणे व बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची प्रमुख लक्षणे होत. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतात. रक्तस्राव झालेला असल्यास तेच औषध घातक ठरते; म्हणून आधी सी.टी. स्कॅन आवश्यक असते. मृत चेतापेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. तथापि मेंदूचे शाबूत भाग सरावाने काही कामे आत्मसात करू शकतात. व्यायामोपचार व वाचोपचार यांचा आधार हाच आहे.