अमेरिकन कॉलेजें आणि फूटबॉल खेळणाऱ्या मुली

घरांत उपवर मुलगी असली म्हणजे बापाच्या डोळ्याला डोळा लागत नाहीं, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. अमेरिकेंतील पुष्कळ सुशिक्षित घरांत मुलगी पंधरा वर्षांची झाली कीं हीच अवस्था होते. मात्र तेथें शोध वराचा नसतो, कॉलेजच्या फूटबॉल-संघाचा असतो. आपण ज्याला फूटबॉल म्हणतों त्याला तेथें सॉकर म्हणतात, कारण फूटबॉल हें नांव त्यांनीं अंडाकृति चेंडूच्या आपल्या धसमुसळ्या खेळाला अगोदरच देऊन टाकलेलें आहे. मुलगी चांगली खेळत असली तर कॉलेजच्या जबर खर्चाचा कांहीं भाग शिष्यवृत्तींतून निघतो, आणि नांवाजलेल्या विद्यापीठाचें दार थोडें किलकिलें होतें. त्याकरितां पत्रें लिहावयाचीं, खेळाच्या फिती धाडावयाच्या, दूरदूरच्या सामन्यांस जावयाचें आणि प्रशिक्षकाची नजर आपल्या मुलीकडे वळेल याची वाट पाहावयाची. या व्यवहारास तेथें भरती म्हणतात.

नवलाची गोष्ट अशी, कीं ज्या स्त्रियांनीं अमेरिकेंत मुलींच्या कॉलेज-खेळांचा पाया घातला, त्यांना ही भरती मुळींच नको होती. १९७१ सालीं या शारीरिक-शिक्षिकांनीं ‘असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक्स फॉर विमेन’ ही आपली संस्था काढली, आणि पुढें नऊशेंहून अधिक कॉलेजें तिच्यांत सामील झालीं. मुलांच्या खेळांत चाललेली खुशामत, पडद्याआडचे पैसे आणि विद्यार्थ्याची अभ्यासावरून उडालेली वासना हें सर्व त्यांनीं जवळून पाहिलें होतें. म्हणून खेळाबद्दल शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं, असा दंडक त्यांनीं घालून ठेवला. परंतु १९७३ सालीं फ्लॉरिडांतील कांहीं टेनिसपटू मुलींनीं व त्यांच्या शिक्षिकांनीं न्यायालयांत दावा लावला, कीं जें मुलांना मिळतें तें मुलींना नाकारणें हा पंक्तिप्रपंच होय. संस्थेला नियम सोडावा लागला. दावा न्याय्य होता यांत शंका नाहीं. पण शिक्षिकांची भीतीही अनाठायीं नव्हती, हें पुढील इतिहासानें दाखविलें.

या साऱ्याच्या मुळाशीं एक कायदा आहे. २३ जून १९७२ रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं शिक्षणविषयक विधेयकावर सही केली. त्यांतील नववें प्रकरण ‘टायटल नाइन’ या नांवानें प्रसिद्ध आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेंत स्त्री-पुरुष म्हणून भेद करतां येणार नाहीं, एवढाच त्याचा आशय. मूळ वाक्य अवघ्या ३७ इंग्रजी शब्दांचें आहे आणि त्यांत खेळाचा उल्लेखही नाहीं. तें पुढें रेटणाऱ्या एडिथ ग्रीन व पॅट्सी मिंक आणि सिनेटर बर्च बे यांचें लक्ष मुख्यतः प्रवेश आणि नोकऱ्या यांवर होतें. खेळांना तो कसा लागू करावयाचा याचे नियम १९७५ मध्यें निघाले, आणि १९७९ मध्यें त्यांचा खुलासा झाला.

सॉकरचें भाग्य उघडलें तें या खुलाशामुळें. बड्या विद्यापीठांतील अमेरिकन फूटबॉलच्या एका संघांत शंभरावर मुलगे असत व त्यांतील ८५ जणांस शिष्यवृत्ति देतां येई. तितक्याच तोलानें मुलींना खेळवावयाचें तर पांच-सात जणींचे संघ काढून भागण्यासारखें नव्हतें. सॉकरला मात्र एक मैदान आणि एक चेंडू पुरतो, आणि पंचवीस-तीस मुली सहज सामावतात. १९७१-७२ सालीं साऱ्या देशांतील हायस्कुलांत हा खेळ खेळणाऱ्या मुलींची नोंद अवघी ७०० होती. २०१८-१९ मध्यें ती साडेतीन लाखांच्या वर गेली. कॉलेजांची राष्ट्रीय संघटना एन्. सी. ए. ए. हिनें १९८२ मध्यें मुलींची पहिली अजिंक्यपद-स्पर्धा भरविली तेव्हां तींत १२ संघ होते आणि विजय नॉर्थ कॅरोलायनाचा झाला. त्याच वर्षीं शिक्षिकांच्या त्या जुन्या संस्थेचा कारभार बंद पडला. १० जुलै १९९९ रोजीं कॅलिफोर्नियांत ९०,१८५ प्रेक्षकांसमोर अमेरिकन स्त्रियांनीं चीनला हरवून जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर तर प्रत्येक पेठेंतल्या मैदानावर मुलींची झुंबड उडाली.

झुंबड मोठी आणि ताट लहान. पहिल्या विभागांतील कॉलेजाला मुलींच्या सॉकरसाठीं १४ शिष्यवृत्त्या देतां येत. त्यांचे तुकडे करून वांटण्याची मुभा होती, म्हणून एकीस अर्धी, दुसरीस पाव, तिसरीस नुसतीं पुस्तकें असा हिशेब चाले. शिवाय १९७३ पासून २०१२ पर्यंत ही देणगी एका वर्षाचीच असे व पुढील वर्षीं ती चालू ठेवणें कॉलेजच्या हातीं राही. तिसऱ्या विभागांतील कॉलेजांना आणि येल-ब्राऊनसारख्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांना तर खेळाबद्दल पैसा द्यावयाचाच नाहीं, असा नियम आहे. खासगी क्लबाच्या वर्गण्या, विमानभाडीं आणि हॉटेलें यांवर दहा वर्षें झालेल्या खर्चाशीं हा पाव हिस्सा ताडून पाहिला, तर कित्येक बापांना तोंडांत बोट घालावें लागेल.

आणि याच चढाओढींतून वयाचा प्रश्न उद्भवला. प्रशिक्षकानें मुलीला अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वीं भरतीचें पत्र धाडूं नये, असा नियम होता. पण मुलीनें आपण होऊन टेलिफोन केला तर त्यानें तो घेऊं नये, असें नियमांत कोठेंच नव्हतें. तेव्हां प्रशिक्षक क्लबाच्या शिक्षकाला निरोप देई, शिक्षक मुलीच्या घरीं कळवी, आणि अमुक दिवशीं अमुक वाजतां तेरा-चौदा वर्षांची ती पोर थरथरत्या हातानें फोन लावी. पलीकडून जागा देऊं केली जाई. कधीं उत्तराची मुदतही घातली जाई. दुसरी कोणी ती जागा घेईल या धास्तीनें घरचे होकार देत. कागद मात्र शेवटच्या वर्षीं व्हावयाचा, तोंपर्यंत सारा मामला तोंडी. प्रशिक्षक बदलला, मुलीचा गुडघा दुखावला, किंवा ती सोळाव्या वर्षीं पूर्वीसारखी धांवेनाशी झाली, तर शब्द वाऱ्यावर जाई. मुलींच्या सॉकरमध्यें हें जितकें बोकाळलें तितकें मुलांच्या अमेरिकन फूटबॉलांतही बोकाळलें नव्हतें.

देवलांच्या ‘शारदे’चे प्रयोग पाहिलेल्या महाराष्ट्राला या कथेंतील एक सूर ओळखीचा वाटेल. जन्माची गांठ आणि चार वर्षांचें कॉलेज यांची बरोबरी होत नाहीं, हें खरें. पण ज्या वयांत मुलीला आपलें मत म्हणजे काय हेंच उमगलेलें नसतें, त्या वयांत तिच्या वतीनें वडीलधाऱ्यांनीं शब्द द्यावयाचा, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. आपल्याकडे १९२९ च्या सारडा कायद्यानें वयाची मर्यादा घातली. तिकडेही उपाय शेवटीं तोच झाला. १९१९ मध्यें नव्हे, थेट २०१९ मध्यें! दहावीचें वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वीं प्रशिक्षकानें मुलीशीं भरतीची बोलणीं करूं नयेत, तिचा फोन आला तरीही करूं नयेत, असें तेव्हां ठरलें.

त्याच २०१९ च्या मार्चमध्यें आईबापांच्या मदतीचें दुसरें टोंकही जगापुढें आलें. जी मुलगी सॉकर खेळतच नव्हती तिला खेळाडू म्हणून दाखल करून घेण्याबद्दल येलच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकानें चार लक्ष डॉलर घेतल्याचें उघडकीस आलें. त्यानें गुन्हा कबूल केला व त्याला शिक्षाही झाली. लेकीच्या पायांत बळ नसलें तर बापाच्या थैलींत आहे, असा हा हिशेब होता.

शहाण्या आईबापांना करण्यासारखें काम या दोन टोंकांच्या मध्यें पुष्कळ आहे, पण तें दिसण्यांत अगदीं साधें आहे. प्रशिक्षकाला पत्र मुलीनेंच लिहावें. आईनें लिहिलेलें पत्र अनुभवी प्रशिक्षक पहिल्या ओळींत ओळखतो. हायस्कुलांतील १६ ठराविक अभ्यासक्रम पुरे होतात कीं नाहीं, हें बापानें नववीपासून पाहावें, कारण तेथें उणें पडलें तर पायांतील कसब वायां जातें. संघांत तिच्याच जागेवर खेळणाऱ्या किती जणी आहेत, दुखापत झाली तर पैसा चालू राहतो कीं नाहीं, हे प्रश्न विचारावयास मुलीला भीड पडते. ते तिला आधीं घरीं घोकवून घ्यावे. गुडघ्यांतील बंध तुटण्याचें प्रमाण या खेळांत मुलांपेक्षां मुलींमध्यें बरेंच अधिक आहे, तेव्हां हा प्रश्न अशुभ म्हणून टाळण्याजोगा नाहीं. आणि उद्यां खेळ सुटला तरी या कॉलेजांत राहावेंसें वाटेल काय, हें तिनेंच ठरवावें.

अलीकडे पट पुन्हां बदलला आहे. १९६४ पासून चालत आलेलें राष्ट्रीय करारपत्र २०२४ मध्यें रद्द झालें. त्याच वर्षापासून अभ्यासांत ठीक असलेल्या खेळाडूला एक कॉलेज सोडून दुसऱ्यांत गेल्यास वर्षभर बाहेर बसावें लागत नाहीं. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनें, ती मान्य करणाऱ्या कॉलेजांपुरती, चौदा शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली व तिच्या जागीं संघांत २८ च मुली, ही मर्यादा आली. एकोणीस-वीस वर्षांची कसलेली खेळाडू आयती मिळत असतां शाळकरी मुलीसाठीं कोण थांबणार, ही नवी चिंता घरोघर शिरली आहे. तरी १५ जूनचें महत्त्व कमी झालेलें नाहीं. चौदा तारखेची मध्यरात्र उलटली, कीं प्रशिक्षकांचे निरोप सुटूं लागतात. दहावी संपलेल्या मुली फोन उशाशीं घेऊन जाग्या असतात. शेजारच्या खोलींत आईबापही झोपेचें सोंग घेऊन कानोसा घेत असतात. कांहीं घरीं घंटी वाजते. ज्या घरीं वाजत नाहीं, तेथें सकाळीं न्याहारीच्या टेबलावर पहिलें वाक्य कोणीं आणि काय बोलावें, हें मात्र कोणत्याही नियमपुस्तकांत लिहिलेलें नाहीं.