शिधापत्रिकेचा रंग आणि आजाराचा खर्च : हिंगोली जिल्ह्यासंबंधी काही विचार

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच दिनांकापासून राज्यात तिरंगी शिधापत्रिकांची पद्धत सुरू झाली, हा निव्वळ योगायोग होय. परंतु वैद्यकीय खर्चाच्या इतिहासात तो अर्थपूर्ण ठरला. वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी व त्यापुढे पांढरी, अशी ती विभागणी होती. धान्यासाठी आखलेली ही रेषा पुढे शस्त्रक्रियेच्या खर्चालाही लागू करण्यात आली.

पैशाच्या अभावी कोणीही उपचारांस मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने 1946 सालीच मांडले होते. तथापि तिची पाहणी ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. हिंगोली त्या वेळी निजामाच्या राज्यात होते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर लागू झाली. पिवळ्या व केशरी पत्रिकाधारक कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. पुढे हिंगोलीसह चौदा आपत्तिग्रस्त जिल्ह्यांतील पांढरी पत्रिका असलेल्या शेतकऱ्यांनाही तीत समाविष्ट करण्यात आले आणि सातबारा हा दवाखान्यात दाखवावयाचा कागद झाला! ज्याच्या नावे जमीन नाही व उत्पन्न मात्र लाखाच्या किंचित वर आहे, असा शिंपी किंवा किरकोळ दुकानदार बाहेरच राहिला. ही मर्यादा दूर होऊन सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण लागू होण्यास जुलै 2024 उजाडला.

सहा हजारांचे देयक वर्षाला पंधरा हजार मिळविणाऱ्या घराच्या उत्पन्नाचे दोन पंचमांश होते. लाख मिळविणाऱ्याचे ते शेकडा सहा भरते. मात्र केवळ अशा प्रमाणावरून भार मोजणे फसवे आहे. जो दवाखान्यात गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य दिसतो. प्रत्यक्षात त्याने तो बुडालेल्या मजुरीच्या व वाढलेल्या दुखण्याच्या रूपाने भरलेला असतो. शिवाय ह्या भागात पैसा वर्षभर सारखा येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास विकले जाते, हळद उन्हाळ्यात. तापाची व जुलाबाची साथ मात्र पावसाळ्यात, बी-खतापायी घर रिकामे झालेले असताना येते. त्यामुळे लहानसे देयकही व्याजाचे होते. मोठ्या शेतकऱ्यास तेवढीच रक्कम आडत्याकडून उचल म्हणून मिळते. मजुराला दागिना गहाण टाकावा लागतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी स्वतः सोसलेला वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट देशाची सरासरी आहे. तीवरून एखाद्या तालुक्यातील मजुराची स्थिती कळत नाही. विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क ऑगस्ट 2023 पासून माफ झाले आणि हिंगोलीत 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरी रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या रोग्याला जी गोळी सरकारी दवाखान्यात त्या दिवशी मिळत नाही, ती बाजारातूनच घ्यावी लागते. दर महिन्याच्या ह्या खर्चाला कोणत्याही रंगाची पत्रिका उपयोगी पडत नाही.