लेखक आधी मोठा होतो की प्रबंध आधी?

'मोबी-डिक' १८५१ साली प्रसिद्ध झाली तेव्हा हर्मन मेलविल बत्तीस वर्षांचा होता. त्यानंतर तो चाळीस वर्षं जगला. एवढ्या काळात अमेरिकेत या कादंबरीच्या जेमतेम तीन हजार दोनशे प्रती खपल्या. १८५३ मध्ये प्रकाशकाच्या इमारतीला आग लागली, त्यात पडून राहिलेल्या प्रतीही जळाल्या. लेखनावर घर चालेना म्हणून १८६६ मध्ये मेलविलने न्यूयॉर्क बंदरात कस्टम्सच्या निरीक्षकाची नोकरी धरली आणि ती एकोणीस वर्षं केली. १८९१ मध्ये तो गेला, तेव्हा वाचकांच्या लेखी तो केव्हाच संपलेला होता.

आज अमेरिकन कादंबरीची कुठलीही यादी काढा, मेलविल पहिल्या पाचांत असतो. मधल्या काळात पुस्तकातलं एक वाक्यही बदललेलं नाही. मग बदललं काय?

मी या प्रश्नामागे लागलो त्याचं कारण माझी आतेबहीण. ती न्यू जर्सीत शिकते, अकरावीत आहे. तिला एक अमेरिकन कादंबरीकार निवडून त्याच्यावर छोटा प्रबंध लिहायचा होता. शिक्षकांनी दहा नावांची यादी दिली होती. यादीबाहेरचा लेखकही चालणार होता, फक्त एक अट होती: त्याच्यावर पुरेशी समीक्षा उपलब्ध असली पाहिजे. तिचा मेसेज आला, "दादा, यातला सगळ्यात सोपा कोण?"

अट वरवर पाहता वाजवी आहे. सोळा वर्षांच्या मुलीने संदर्भ कुठून आणायचे? पण माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मला त्या अटीत लगेच एक लूप दिसला. ज्याच्यावर लिहिलं गेलंय त्याच्यावरच लिहायचं. म्हणजे त्याच्यावर आणखी लिहिलं जाणार आणि पुढच्या वर्षी तोच जास्त 'सोपा' होणार. सर्च इंजिनांची मूळ कल्पना अशीच होती: ज्या पानाकडे जास्त पानं बोट दाखवतात ते वर, आणि वर दिसतं म्हणून त्याच्याकडे आणखी बोटं वळतात. प्रबंध हे असंच एक बोट. मग या लूपमध्ये पहिलं बोट कोण दाखवतं?

मेलविलच्या बाबतीत ते नाव माहीत आहे. १९१९ मध्ये त्याच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. कोलंबिया विद्यापीठातल्या कार्ल व्हॅन डोरेनने तिथल्याच रेमंड वीव्हर नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं की 'द नेशन' साप्ताहिकासाठी मेलविलवर एक लेख लिही. वीव्हर कामाला लागला आणि त्यात पुरता गुंतला. मेलविलची नात एलेनोर मेटकाफ हिच्याकडे आजोबांचे कागद होते, तिने ते त्याच्यासमोर ठेवले. त्यात 'बिली बड'चं हस्तलिखित निघालं. लेखक जाऊन जवळपास तीस वर्षं झाली होती आणि ही कादंबरिका कुणी छापलीच नव्हती. १९२१ मध्ये वीव्हरने मेलविलचं चरित्र प्रसिद्ध केलं, १९२४ मध्ये 'बिली बड' छापून आली. पुढच्या संशोधकांना आता धरायला काहीतरी हाताशी होतं.

आणखी एक गोष्ट आपल्याला आज विचित्र वाटेल. त्या काळात अमेरिकन विद्यापीठांत अमेरिकन साहित्य हा फारसा मानाचा विषय नव्हता. इंग्रजी विभाग म्हणजे शेक्सपिअर, मिल्टन, जुनी इंग्रजी. आपलंच साहित्य आपल्याच विद्यापीठात अभ्यासायचं तर त्यासाठी भांडावं लागत होतं. 'अमेरिकन लिटरेचर' हे संशोधन-नियतकालिक निघालं तेच मुळी १९२९ मध्ये.

त्याच सुमारास हार्वर्डमध्ये एफ. ओ. मॅथिसन नावाच्या विद्यार्थ्याला वॉल्ट व्हिटमनवर प्रबंध लिहायचा होता. त्याला सांगण्यात आलं की व्हिटमनवर आता नवीन सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. बिचाऱ्याने एलिझाबेथकालीन इंग्लंडमधल्या भाषांतरांवर प्रबंध लिहिला. पण मूळ खाज गेली नाही. १९४१ मध्ये त्याने 'अमेरिकन रेनेसान्स' हा जाडजूड ग्रंथ काढला: इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलविल आणि व्हिटमन. १८५०च्या दशकातल्या अवघ्या पाच वर्षांभोवती त्याने अख्ख्या देशाच्या साहित्याचं केंद्र मांडलं. नाकारलेल्या विषयाने असा बदला घेतला! मात्र या पुस्तकामुळे लूपला घट्ट आकारही आला. पाच नावं, पाचही गोरे पुरुष, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचे अभ्यासक्रम याच पाचांभोवती फिरले.

विल्यम फॉकनरचं काय? दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा त्याची बहुतेक पुस्तकं बाजारात मिळत नव्हती आणि तो पोटासाठी हॉलिवूडमध्ये पटकथा लिहीत होता. माल्कम काउली या समीक्षकाने त्याच्या विखुरलेल्या गोष्टी आणि कादंबऱ्यांचे तुकडे काळाच्या क्रमाने लावून १९४६ मध्ये 'द पोर्टेबल फॉकनर' नावाचं एक संकलन काढलं. एका खंडात सगळा मिसिसिपी वाचकाच्या हातात. चार वर्षांनी फॉकनरला नोबेल मिळालं. या सगळ्याचं श्रेय एका संकलनाला देणं चूक ठरेल, पुस्तकं मुळातच दमदार होती. पण दमदार पुस्तकसुद्धा ग्रंथालयात असावं लागतं.

१९५५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लोई वॉफर्ड नावाच्या मुलीने एम.ए.चा प्रबंध सादर केला. विषय होता व्हर्जिनिया वुल्फ आणि फॉकनर यांच्या कादंबऱ्यांतली एकाकी, तुटलेली माणसं. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत जो लेखक दुकानात मिळत नव्हता, तो आता प्रबंधासाठी प्रतिष्ठित झाला होता. ही क्लोई म्हणजे पुढची टोनी मॉरिसन. त्याआधी ती हॉवर्डमध्ये शिकत होती. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. तिथे तिने शेक्सपिअरमधल्या काळ्या पात्रांवर निबंध लिहू का असं विचारलं, तर प्राध्यापक धास्तावले. हे तिनेच पुढे सांगितलं आहे. म्हणजे विषय निवडायची मुभा होती, पण कुठला विषय 'विषय' आहे हे आधीच ठरलेलं होतं.

आता त्याच वर्षी फ्लोरिडात काय चाललं होतं ते पाहा. झोरा नील हर्स्टन जिवंत होती. वय चौसष्ट, हातात पैसा नाही, आणि ज्या हस्तलिखितावर ती वर्षानुवर्षं काम करत होती ते प्रकाशकाने नाकारलं होतं. याच झोराने १९३६ मध्ये 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' लिहिली होती, हैतीमध्ये बसून, अवघ्या सात आठवड्यांत. एका काळ्या बाईचं प्रेम, तीन लग्नं, आणि स्वतःचा आवाज सापडणं. रिचर्ड राइटसारख्या मोठ्या काळ्या लेखकाने तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठवली होती: यात संघर्ष नाही, हे गोऱ्यांच्या करमणुकीचं लेखन आहे. पुस्तक हळूहळू बाजारातून गेलं. जानेवारी १९६० मध्ये फोर्ट पिअर्स गावातल्या सरकारी वृद्धाश्रमात झोरा वारली. तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तिचे कागद जाळायला काढले होते. तिला ओळखणाऱ्या एका डेप्युटी शेरीफने वेळेवर आग विझवली म्हणून काही वाचले. त्यांच्या कडा आजही करपलेल्या आहेत.

तिच्यासाठी पहिलं बोट कुणी दाखवलं? अॅलिस वॉकरने. तिला एका कथेसाठी वूडूविषयी माहिती हवी होती. गोऱ्या मानववंशशास्त्रज्ञांची पुस्तकं चाळताना एका तळटीपेत तिला झोराचं नाव सापडलं. १९७३ मध्ये ती फोर्ट पिअर्सला गेली. लोकांनी बोलावं म्हणून 'मी झोराची भाची' असं खोटंच सांगितलं, कमरेएवढ्या गवतात शिरून थडग्याची जागा अंदाजाने ठरवली आणि तिथे दगड बसवला. दगडावर जन्मवर्ष कोरलं १९०१. खरं होतं १८९१. झोराने स्वतःच वयातून दहा वर्षं उडवली होती, कारण सव्विसाव्या वर्षी तिला पुन्हा शाळेत जायचं होतं आणि तेवढ्या मोठ्या वयात मोफत शिक्षण मिळत नव्हतं.

१९७५ मध्ये वॉकरचा लेख 'मिस' मासिकात आला. त्याच वर्षाअखेरीस साहित्याच्या प्राध्यापकांच्या अधिवेशनात ही कादंबरी पुन्हा छापा म्हणून सह्यांचा अर्ज फिरला. शिकवायची आहे, पण प्रती नाहीत, ही अडचण होती. १९७७ मध्ये रॉबर्ट हेमेनवेचं चरित्र आलं आणि १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने कादंबरी पुन्हा छापली. माझ्या आतेबहिणीच्या यादीत झोरा सहाव्या क्रमांकावर होती, 'सोप्या' नावांमध्ये.

या लूपची एक शाखा आपल्याकडेही आली आहे. १९६४ मध्ये हैदराबादला अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झालं. ज्या काळात परदेशी पुस्तक मागवणं हा द्राविडी प्राणायाम होता, त्या काळात तिथे अमेरिकन साहित्याचं मोठं ग्रंथालय उभं राहिलं, आणि देशभरातले इंग्रजीचे प्राध्यापक तिथे जाऊन बसू लागले. पुस्तकं जिथे मिळतात तिथे विषय सुचतात, हे साधं अर्थशास्त्र आहे. पण मराठीत याच सुमारास एक वेगळी निवडही झाली. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखडे दलित लेखकांना काळ्या लेखकांच्या साहित्याकडे पाहा असं सांगत होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक मराठीत लिहिलं. त्यांच्या निवडीमागचा प्रश्न 'कुणावर साहित्य उपलब्ध आहे' हा नव्हता. 'कुणाचं दुःख आमच्या ओळखीचं आहे' हा होता.

मला वाटतं, प्रबंधासाठी लेखक निवडताना हाच प्रश्न आधी विचारावा आणि उपलब्धतेचा नंतर. आतेबहिणीला मी एवढंच सुचवलं की यादीतल्या आणि यादीबाहेरच्या तीन कादंबऱ्यांची पहिली वीस-वीस पानं वाच आणि जिथे भांडावंसं वाटेल तिथे थांब. ती थांबली नेला लार्सनच्या 'पासिंग'वर. १९२९ची छोटी कादंबरी: रंग उजळ असल्यामुळे गोरी म्हणून वावरणारी एक काळी बाई आणि तिला ओळखणारी तिची जुनी मैत्रीण. लार्सन आधी ग्रंथपाल होती, आयुष्याच्या उत्तरार्धात नर्स होती, आणि १९६४ मध्ये गेली तेव्हा विस्मृतीत होती. १९८६ मध्ये तिच्या दोन्ही कादंबऱ्या एकत्र, नव्या प्रस्तावनेसह पुन्हा आणल्या त्या रटगर्स विद्यापीठाच्या प्रकाशनाने. रटगर्स म्हणजे न्यू जर्सीच. २०२१ मध्ये 'पासिंग'वर सिनेमाही आला, तो नेटफ्लिक्सवर आहे.

शाळेतल्या दहा-बारा पानांनी कुणी लेखक अमर होत नाही. पण वीव्हरला सांगितलेलं कामही एका लेखाचंच होतं, आणि वॉकर तर एका कथेसाठी माहिती शोधत होती. झोराचंच आणखी एक हस्तलिखित, गुलामांच्या जहाजातून आणलेल्या कुजो लुइसची त्याच्याच बोलीतली कहाणी, १९३१ मध्ये लिहून तयार होतं. ते हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहात पडून होतं. 'बॅराकून' या नावाने ते पुस्तक बाजारात आलं २०१८ मध्ये.